समुद्रावाचून भरती : सातारा-सांगलीच्या भूमीतील चांद्रवेलेचा इतिहास

भरती-ओहोटीचा विचार निघाला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर कोकणचा किनारा उभा राहतो. सातारा आणि सांगली हे जिल्हे या विचारात सहसा येत नाहीत. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर कृष्णा, वेण्णा, कोयना, वारणा यांच्या खोऱ्यांत वसलेल्या या प्रदेशाचे पाणी पूर्वेकडे वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. महाबळेश्वराहून पश्चिमसमुद्र अवघा चाळीस मैलांच्या आसपास आहे. परंतु कृष्णेच्या पाण्याला समुद्र गाठण्यासाठी सारे दक्षिणी पठार ओलांडावे लागते. सांगलीच्या घाटावर नदीला पूर येतो, फुगवटा येतो, उतार पडतो. भरती येत नाही. त्यामुळे चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणाने पाणी हलते ही गोष्ट देशावरच्या माणसाने शतकानुशतके ऐकली, ग्रंथांत वाचली, काव्यात उपमा म्हणून वापरली. प्रत्यक्ष मात्र पाहिली नाही.

असे असूनही या दोन जिल्ह्यांच्या भूमीत दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी होते. ती समुद्राची नव्हे, खडकाची आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कोयना-वारणा खोऱ्यांतील विंधनविहिरींमध्ये ती मोजली गेली. या शोधापर्यंत पोहोचणारा मार्ग किनाऱ्यावरील लोकज्ञान, पंचांग, बंदरांतील वेध आणि एक भीषण भूकंप यांच्यामधून जातो. तो मार्ग क्रमाने पाहिला असता विज्ञानाच्या इतिहासाबरोबर शब्दांच्या इतिहासावरही काही प्रकाश पडतो.

१. वेला आणि वेळ

संस्कृतात भरती-ओहोटीस ‘वेला’ हा शब्द आहे. अमरकोशाने त्याचे तीन अर्थ दिले आहेत : समुद्रजलाचा विकार, काळ आणि मर्यादा. हे तीन अर्थ एका शब्दात एकत्र आले यात नवल नाही. पाणी ठरल्या काळी चढते आणि ठरल्या रेषेपर्यंतच येते, हे ज्याने किनाऱ्यावर उभे राहून पाहिले त्याला काळ, मर्यादा आणि पाण्याची हालचाल या एकाच अनुभवाच्या तीन बाजू वाटल्या असाव्यात. मराठीत ‘वेला’चा ‘वेळ’ झाला. त्यातील काळाचा अर्थ सर्वत्र पसरला; किनाऱ्याचा अर्थ कोकणापुरता उरला आणि समुद्राच्या हालचालीचा अर्थ बोलीतून नाहीसा झाला. इंग्रजी भाषेतील ‘टाइड’ या शब्दाचा प्रवास याच्या नेमका उलट आहे. तो मुळात काळवाचक होता, जर्मन भाषेतील ‘त्साइट’ या काळवाचक शब्दाचा तो सख्खा भाऊ. परंतु पुढे त्याचा काळाचा अर्थ मागे पडला आणि समुद्राचा अर्थ टिकला. दोन दूरच्या भाषांनी एकाच संबंधाची दोन टोके आपापल्या हाती ठेवली.

‘वेला’ने सोडलेली जागा मराठीत देशी शब्दांनी भरून काढली. भरती, ओहोटी, ओहोटीलाच पर्यायी असलेला सुकती, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचे मोठे पाणी ते उधाण, अष्टमीच्या सुमाराचे मंद पाणी तो भांग : ही सारी संज्ञावली मासेमारी, होडीवाहतूक आणि मीठ पिकविणे या व्यवसायांतून आलेली आहे. तिचे वैशिष्ट्य असे की ती केवळ पाण्याची पातळी सांगत नाही. उधाण आणि भांग हे शब्द पातळीतील पंधरवड्याचा फरक सांगतात. म्हणजेच सूर्य व चंद्र यांच्या परस्परस्थितीचा परिणाम या दोन शब्दांत साठविलेला आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी शब्दकोशकारांनी हे शब्द नोंदविले आणि पुढे शालेय भूगोलाच्या पुस्तकांनी उधाणाची भरती व भांगाची भरती ही नावे पारिभाषिक म्हणून स्वीकारली. कोळ्यांच्या बोलीतील शब्द जसेच्या तसे शास्त्रीय परिभाषेत गेल्याची अशी उदाहरणे मराठीत फार नाहीत.

देशावर यांपैकी भरती, ओहोटी आणि उधाण हे शब्द पोहोचले ते लाक्षणिक अर्थाने. उत्साहाला उधाण येते, आनंदाला भरते येते, लोकप्रियतेला ओहोटी लागते. पूर्णचंद्र पाहून सागर उचंबळावा ही प्रतिमा तर संतवाङ्मयात रूढच आहे. ‘भांग’ मात्र या अर्थाने घाट चढून वर आला नाही. ज्याचा अनुभव नाही त्याची भव्य बाजू तेवढी भाषा उचलते आणि तिच्यातील मोजमाप मागे ठेवते, याचे हे एक उदाहरण म्हणता येईल.

२. तिथी आणि दोन घटिका

प्राचीन भारतीयांनी भरती-ओहोटीचा संबंध चंद्राशी जोडलेला होता. विष्णुपुराणाच्या दुसऱ्या अंशात या विषयाचा एक उल्लेख येतो. समुद्राचे पाणी वस्तुतः वाढत नाही की घटत नाही. भांड्यातील पाणी अग्नीच्या संयोगाने जसे फुगते तसे ते चंद्राच्या वृद्धीबरोबर फुगते, असे तेथे म्हटले असून या चढउताराचे मान पाचशे दहा अंगुले दिले आहे. उष्णतेची उपमा आज टिकणारी नाही. तथापि पाण्याची एकूण राशी कायम राहून तिची केवळ मांडणी बदलते, हा विचार मोलाचा आहे आणि अंगुलांत का होईना मोजमाप द्यावेसे वाटले, ही गोष्टही तितकीच लक्षणीय आहे.

किनाऱ्यावरील लोकांनी याहून व्यावहारिक साधन घडविले. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीच्या चाराची पाऊणपट तीन, म्हणून त्या दिवशी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीच्या आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास. सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते आणि त्यानंतर तेवढ्याच वेळाने पुन्हा भरती. वद्य पक्षातही हाच हिशेब लागू पडतो.

हा हिशेब खरा का ठरतो, हे पंचांगाच्या रचनेत पाहावे लागते. तिथी म्हणजे चंद्र व सूर्य यांच्यातील अंतर बारा अंशांनी वाढण्यास लागणारा काळ. पृथ्वीस स्वतःभोवती बारा अंश फिरण्यास अठ्ठेचाळीस मिनिटे, म्हणजे बरोबर दोन घटिका लागतात. म्हणून दर तिथीस चंद्र सरासरीने दोन घटिका उशिरा माथ्यावर येतो आणि त्याच्यामागोमाग भरतीही तेवढीच उशिरा येते. पंधरा तिथींत हा उशीर पंधरा गुणिले अठ्ठेचाळीस, म्हणजे बरोबर बारा तासांचा होतो आणि चक्र पुन्हा आरंभस्थानी येते. पाऊणपटीचा नियम अठ्ठेचाळीसऐवजी पंचेचाळीस मिनिटे धरतो. पक्षाच्या शेवटी त्यामुळे पाऊण तासाची चूक साचते, पण होडी लोटणाऱ्याला ती जड जात नाही. तात्पर्य, ज्या तिथीकडे देशावरचा माणूस व्रतवैकल्यांचे साधन म्हणून पाहत आला, ती स्वरूपतः एक भरतीचे घड्याळ आहे. साताऱ्याच्या आणि अलिबागच्या घरांत एकच पंचांग होते. त्याचा एक उपयोग फक्त किनाऱ्याला ठाऊक होता.

३. घाटावरची राजधानी आणि खाडीचे पाणी

अठराव्या शतकात साताऱ्याचे राजकारण समुद्राशी निगडित होते. छत्रपती शाहूंच्या कारकिर्दीत आंग्र्यांचे आरमार, सिद्दीचा जंजिरा, पोर्तुगीजांची ठाणी हे विषय साताऱ्याच्या दरबारात नित्य येत. कोकणातील परशुराम क्षेत्री राहणारे ब्रह्मेंद्रस्वामी सिद्दीच्या उपद्रवानंतर घाटावर येऊन साताऱ्याजवळ धावडशीस स्थायिक झाले आणि १७३३ साली जंजिऱ्याविरुद्ध मोहीम निघाली. जंजिरा त्या मोहिमेत हाती आला नाही. समुद्राने वेढलेल्या किल्ल्याभोवतीचे पाणी दिवसातून चार वेळा आपले रूप बदलते. अशा ठिकाणी होडी केव्हा लोटावी आणि केव्हा फिरवावी याचा निर्णय तेथल्या तेथेच होऊ शकतो. आज्ञा घाटावरून सुटत होत्या. पाण्याचे ज्ञान तांडेल आणि खलाशी यांच्याजवळ होते. हे ज्ञान लिहून ठेवण्याची गरज कोणास वाटली नाही, कारण ज्यांना ते हवे होते त्यांना ते तोंडपाठ होते आणि जे लिहीत होते त्यांचा त्याच्याशी प्रत्यक्ष संबंध नव्हता.

भूगोलाने मात्र हा संबंध कधीच तोडला नव्हता. महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या पाच नद्यांपैकी सावित्री पश्चिमेस उतरते आणि बाणकोटच्या खाडीत भरतीचे पाणी तिला भेटावयास येते. विसाव्या शतकात मानवी प्रयत्नाने आणखी एक वाट निर्माण झाली. कोयनेच्या जलाशयातील पाणी बोगद्यांतून सह्याद्रीखाली उतरून वीज निर्माण केल्यावर चिपळूणच्या बाजूस वाशिष्ठी नदीत सोडले जाऊ लागले. पूर्वेकडे वाहणारे सातारा जिल्ह्याचे पाणी अशा रीतीने भरतीच्या खाडीत जाऊ लागले. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणास महापूर आला तेव्हा अतिवृष्टी, कोयनेचे अवजल आणि समुद्राची भरती या तिन्हींचा विचार एकत्र करावा लागला. त्या दिवशी आषाढ शुद्ध त्रयोदशी होती आणि पौर्णिमेचे उधाण जवळ आले होते. या तिन्हींपैकी कशाचा वाटा किती, हा जलशास्त्राचा प्रश्न आहे. पण घाटावरील धरण चालविताना किनाऱ्यावरची तिथी पाहावी लागते, एवढे त्या घटनेने स्पष्ट केले.

४. बंदरांतील वेधांपासून पृथ्वीच्या काठिण्यापर्यंत

भरती-ओहोटीची गणिती उपपत्ती न्यूटनने १६८७ साली मांडली. चंद्राचे आकर्षण पृथ्वीच्या सर्व भागांवर सारखे नसते. चंद्रासमोरील बाजूस ते केंद्राहून किंचित अधिक आणि पाठीमागील बाजूस किंचित उणे असते. या फरकामुळे दोन्ही बाजूंस फुगवटा निर्माण होतो. म्हणून दिवसातून भरती दोनदा येते. हा फरक आकर्षक पिंडाच्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतो आणि अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. सूर्याचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लक्ष पट आहे. पण तो चंद्राच्या सुमारे ३९० पट दूर आहे आणि ३९० चा घन सुमारे ५ कोटी ९० लक्ष होतो. म्हणून सूर्याचा प्रभाव चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमी, सुमारे शेकडा ४६ इतकाच भरतो. अमावास्या-पौर्णिमेस हे दोन्ही प्रभाव एकत्र येतात, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास ते परस्परांस छेद देतात, तो भांग.

प्रत्येक बंदराची भरती किनाऱ्याच्या आकारावर आणि समुद्राच्या खोलीवर अवलंबून असल्यामुळे केवळ या उपपत्तीवरून तिचे भाकीत करता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लॉर्ड केल्व्हिन यांनी भरतीचे निरनिराळ्या आवर्तनांत पृथक्करण करण्याची रीत बसविली. प्रत्येक बंदराचे प्रदीर्घ वेध घ्यावे, त्यातून साडेबारा तासांचे चांद्र आवर्तन, बारा तासांचे सौर आवर्तन, दैनिक आवर्तने, पंधरवड्याचे आवर्तन असे घटक वेगळे काढावे आणि त्यांची बेरीज करून पुढील भरती वर्तवावी, ही ती रीत होय. भारतीय सर्वेक्षण खात्याने १८७० नंतरच्या दशकात कॅप्टन बेअर्ड यांच्या देखरेखीखाली असे वेध सुरू केले आणि १८७८ पासून मुंबईस अपोलो बंदरावर स्वयंलेखी भरतीमापक चालू लागला. मुंबईची एक वैज्ञानिक परंपरा यापूर्वीच निर्माण झाली होती. कुलाबा वेधशाळेच्या कामात तरुणपणीच शिरलेले, अलिबागजवळच्या नागाव येथे जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध करून सूर्यचंद्रांची गणिते आधुनिक मानांनी करण्याची वाट दाखविली होती.

भारतीय बंदरांतील या आकड्यांचा एक उपयोग असा झाला, की जो ते आकडे टिपणाऱ्यांच्या कल्पनेतही नसावा. पृथ्वीचा गाभा द्रवरूप असून वर पातळ कवच आहे, असे त्या काळी अनेक भूशास्त्रज्ञ मानीत. केल्व्हिन यांचा आक्षेप सरळ होता. पृथ्वी तशी मऊ असती तर जमीनही समुद्राइतकीच वर उचलली गेली असती आणि किनाऱ्यावरच्या माणसास भरती दिसलीच नसती. आपल्याला दिसणारी भरती ही पाण्याची हालचाल आणि जमिनीची हालचाल यांची वजाबाकी आहे. जॉर्ज डार्विन यांनी १८८२ च्या सुमारास इंग्लंड, फ्रान्स आणि भारत येथील चौदा बंदरांतील एकूण तेहतीस वर्षांचे वेध घेऊन पंधरवड्याच्या व महिन्याच्या आवर्तनांचा हिशेब केला आणि पृथ्वी एकंदरीने पोलादाइतकी कठीण आहे, असा निष्कर्ष काढला. पोलादाइतकी कठीण म्हणजे अगदी न वाकणारी नव्हे. पोलादाचा एवढा मोठा गोळा चंद्राच्या ओढीने थोडा तरी ताणला जाणारच. १९०९ मध्ये लव्ह यांनी आणि त्यानंतर जपानी भूभौतिकीतज्ज्ञ शिदा यांनी हा ताण मोजण्याची गुणांके निश्चित केली. आज हे मान बऱ्याच अचूकतेने ज्ञात आहे. उष्ण कटिबंधात मोठ्या उधाणाच्या दिवशी जमीन सुमारे तीस-चाळीस सेंटिमीटरांच्या मर्यादेत वर-खाली होते. सातारा-सांगलीची भूमी, त्यावरील डोंगर, नद्या, वाडे आणि माणसे यांसह दिवसातून दोनदा इतकी उचलली जाते. सारेच एकत्र उचलले जात असल्याने कोणास कळत नाही. समुद्रावर ज्यामुळे भरती दिसते ती स्थिर जमिनीची खूण येथे उपलब्ध नसते.

५. कोयनेचा भूकंप आणि चंद्राचा प्रश्न

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर परिसरात प्रचंड भूकंप झाला. त्याची महत्ता ६.३ होती. सुमारे दोनशे माणसे मृत्युमुखी पडली आणि कोयनानगरची वस्ती उद्ध्वस्त झाली. दक्षिणी पठार हे स्थिर भूखंड आहे, ही समजूत त्या पहाटे ढासळली. १०३ मीटर उंचीच्या धरणामागे १९६१-६२ पासून पाणी साठू लागले होते आणि त्यानंतर लहान धक्क्यांचे प्रमाण वाढले होते. जलाशयामुळे भूकंप उद्भवतात काय, हा प्रश्न जगभर चर्चिला गेला आणि कोयना हे त्याचे प्रमुख उदाहरण ठरले.

अशा आपत्तीनंतर लोक कारण शोधतात आणि भारतीय परंपरेत त्या शोधाची एक वाट आकाशाकडे जाते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूकंपाच्या लक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहे. जलचर महाप्राणी, दिग्गज, परस्परांवर आदळणारे वारे अशी निरनिराळी कारणे त्यात पूर्वाचार्यांच्या मतांच्या रूपाने दिली असून भूकंपांचे चार मंडलांत केलेले वर्गीकरण नक्षत्रांवर आधारलेले आहे. अमावास्या, पौर्णिमा आणि ग्रहण यांच्या आसपास भूकंप होतो, ही समजूत आजही ऐकू येते. समुद्रास उधाण आणणारा चंद्र जमिनीसही हादरवील, असा तर्क तिच्यामागे असतो. हा तर्क मूळातच टाकाऊ नाही. चंद्र जमीन ताणतो, हे वर आलेच आहे. म्हणून त्याची परीक्षा आकड्यांनी केली पाहिजे.

पहिली परीक्षा तिथीची. १९६७ साली कार्तिक अमावास्या १ डिसेंबरला झाली होती. भूकंपाच्या वेळी मार्गशीर्ष शुद्ध नवमी-दशमीचा काळ होता. अष्टमी उलटून दोन-तीन दिवस झाले होते आणि पौर्णिमेस पाचसहा दिवस अवकाश होता. म्हणजे तो काळ उधाणाचा नव्हता, भांगाच्या मागचा होता. पुढे वारणेच्या चांदोली धरणात १९८५ पासून पाणी साठू लागले आणि भूकंपक्षेत्र दक्षिणेकडे, सांगली जिल्ह्याच्या सीमेकडे सरकले. तेथे ८ डिसेंबर १९९३ आणि १ फेब्रुवारी १९९४ रोजी पाचाहून अधिक महत्तेचे भूकंप झाले. पहिल्याच्या वेळी अमावास्येस पाच दिवस उरले होते. दुसऱ्याच्या वेळी पौर्णिमेस पाच दिवस होऊन गेले होते. तीन उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही, तसाच त्याच्या विरुद्ध नियमही सिद्ध होत नाही. परंतु अमावास्या-पौर्णिमेस धास्ती बाळगावी आणि इतर दिवशी निश्चिंत असावे, या समजुतीस या भूमीच्या अनुभवाचा आधार नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

दुसरी परीक्षा बलाच्या मानाची. चंद्रसूर्यांच्या ओढीने खडकात निर्माण होणारा ताण वातावरणाच्या दाबाच्या शेकडा एक ते चार इतका असतो. शंभर मीटर खोल पाण्याचा भार सुमारे दहा वातावरणांइतका होतो आणि भूकंपाच्या वेळी प्रस्तरभंगावर मुक्त होणारा ताण दहा ते शंभर वातावरणांच्या घरातला असतो. म्हणजे चंद्राचा वाटा जलाशयाच्या वाट्याच्या काही सहस्रांश आणि भूकंपात मुक्त होणाऱ्या ताणाच्या त्याहूनही लहान अंश आहे. जो प्रस्तरभंग फुटण्याच्या अगदी बेतास आला आहे त्यास हा सूक्ष्म ताण निमित्तमात्र होऊ शकतो. २००४ आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासांत काही प्रकारच्या भूकंपांचा वेलाताणाशी असा सांख्यिकीय संबंध आढळलाही आहे. तथापि त्यावरून एखाद्या दिवसाचे भाकीत होत नाही. भूकंपग्रस्त प्रदेशातील लोकांच्या दृष्टीने हा भेद केवळ शास्त्रीय नाही. ज्या समाजाला तिथीवरून भूकंपाची वेळ कळते असे वाटते, तो इतर दिवशी कच्च्या भिंतीखाली निर्धास्त झोपतो.

६. विहिरींतील साक्ष

ज्या वर्षी कोयनेचा भूकंप झाला त्याच १९६७ साली अमेरिकन जलभूशास्त्रज्ञ ब्रेडहोफ्ट यांनी विहिरींतील पाण्यावर भूमीच्या भरती-ओहोटीचा परिणाम कसा होतो याची गणिती मांडणी प्रसिद्ध केली. ही घटना पूर्वीही दिसली होती. बोहेमियातील डुक्स येथील एका पाण्याने भरलेल्या खाणीत समुद्रापासून शेकडो मैल दूर असूनही पाणी नियमित चढते-उतरते, हे क्लोन यांनी १८८० साली नोंदविले होते. कारण असे : अभेद्य थरांच्या मध्ये कोंडलेले पाणी खडकाच्या सूक्ष्म भेगांत आणि छिद्रांत असते. खडक ताणला गेला की ही छिद्रे किंचित रुंदावतात, पाण्याचा दाब घटतो आणि विहिरीची पातळी खाली जाते. खडक आवळला गेला की पातळी वर येते. ताण फारच अल्प असतो, पण त्याने व्यापलेला खडकाचा विस्तार मोठा असल्याने विहिरीत तो सेंटिमीटरांत दिसू लागतो.

भूकंपात खडकातील पाण्याच्या दाबाचे महत्त्व ध्यानी आल्यावर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात कोयना-वारणा प्रदेशात ९० ते २५० मीटर खोलीच्या एकवीस विंधनविहिरी घेतल्या आणि त्यांतील पातळीच्या अखंड नोंदी सुरू केल्या. हर्ष गुप्त, आर. के. चढ्ढा आणि त्यांचे जर्मन सहकारी क्युम्पेल यांच्या या कामात अनेक विहिरींनी भूमीच्या भरती-ओहोटीची स्पष्ट आवर्तने दाखविली. साडेबारा तासांचे चांद्र आवर्तन, दैनिक आवर्तन, उधाण आणि भांग हे सारे सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात कोंडलेल्या पाण्याने कागदावर उतरविले. काही भूकंपांच्या वेळी याच विहिरींची पातळी एकाएकी बदलल्याचेही आढळले.

या नोंदींत चंद्राची भूमिका अनपेक्षित ठरली. लोकसमजुतीत तो भूकंपाचा कर्ता होता. येथे तो मापकाचा साक्षीदार झाला. ज्या विहिरीत भरती-ओहोटी दिसते तिचा खडक कोंडलेला आहे आणि सूक्ष्म ताणास प्रतिसाद देतो, असे सिद्ध होते. चंद्रसूर्यांचा ताण गणिताने आधीच ठाऊक असतो. म्हणून त्याच्याशी तुलना करून विहीर किती संवेदनशील आहे हे ठरविता येते आणि मगच भूकंपकाळातील पातळीच्या बदलाचा अर्थ लावता येतो. दिवसातून दोनदा ठरलेले वजन टाकून तराजू पारखावा, तसे हे काम आहे. या अभ्यासाची पुढील पायरी म्हणून कऱ्हाड येथे विंधनविवर भूभौतिकीची प्रयोगशाळा उभी राहिली आणि २०१७ साली कोयना परिसरात तीन किलोमीटर खोलीचे पथदर्शी विवर पूर्ण झाले.

७. शब्दाची कसोटी

येथे भाषेचा प्रश्न पुन्हा समोर येतो. विहिरीतील नोंदींनी दाखविलेली एक गोष्ट मराठी संज्ञावलीला अडचणीत आणणारी आहे. चंद्र माथ्यावर येतो तेव्हा जमीन वर उचलली जाते आणि खडक प्रसरण पावतो. परंतु त्याच वेळी विहिरीतील पाणी खाली जाते. भूमीची भरती म्हणजे विहिरीची ओहोटी. ‘भरती’ हा शब्द भरणे या क्रियेतून आलेला आहे आणि त्यात पाण्याने काही भरले जाण्याची कल्पना अंगभूत आहे. घन पृथ्वीच्या बाबतीत ही कल्पना दिशाभूल करते. विद्यार्थ्यास ‘जमिनीला भरती आली’ असे सांगितले की विहीर भरली असेल, असेच त्याला वाटणार.

सातारा जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम झाले आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. कृष्णेच्या काठी बसून समुद्रविज्ञानाची मराठी परिभाषा वापरण्याचा आणि स्थिर करण्याचा हा उद्योग, या प्रदेशाच्या इतिहासाशी सुसंगतच म्हटला पाहिजे. परिभाषा घडविणाऱ्यापुढे नेहमी दोन मार्ग असतात. लोकांच्या तोंडचा शब्द घ्यावा तर त्याच्याबरोबर त्याचा अनुभवही येतो. संस्कृत शब्द घ्यावा तर तो अनुभवापासून सुटा असतो. समुद्रासाठी पहिला मार्ग सर्वथैव योग्य होता. उधाण आणि भांग यांच्या जागी कोणताही तत्सम शब्द घातला असता तर कोळ्यांच्या ज्ञानाशी असलेला दुवा तुटला असता. घन पृथ्वीसाठी मात्र असा अनुभवच कोणास नाही. तेथे ‘भूवेला’ यासारखा शब्द अधिक निर्दोष ठरतो. ‘वेला’ शब्दात पाणी भरण्याची कल्पना नाही. त्यात विकार आहे, काळ आहे आणि मर्यादा आहे. भूमीच्या या हालचालीचे हे तिन्ही धर्म आहेत. ती ठरल्या काळी होते, ठरल्या मर्यादेत होते आणि तिने खडकाचा आकार क्षणकाल बदलतो.

मराठीत ‘वेळ’ शब्दाने समुद्राची साथ सोडली, तेव्हा तो घाट चढून केवळ काळाचा वाचक झाला. कोयना आणि वारणेच्या विहिरींतील नोंदी पाहिल्या म्हणजे त्या जुन्या शब्दाचा उरलेला अर्थही घाटावर त्याची वाट पाहत होता असे दिसते. कोकणातील तांडेल तिथीची पाऊणपट करून ज्या चंद्राची वेळ काढीत असे, तोच चंद्र त्याच दोन घटिकांच्या उशिराने कऱ्हाड-पाटणच्या पाषाणातून जातो. किनाऱ्यावरच्या माणसाने त्याची नोंद तोंडी ठेवली. देशावर ती नोंद होण्यासाठी एका भूकंपाची आणि एकवीस विहिरींची गरज लागली.